शाणू मेस्ताची कबुली

शाणू मेस्त कधी कुणाशी गोड बोलल्याचं कुणाला आठवत असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. नऊ वर्षं तो आमच्या गावात होता. मला तरी एकही प्रसंग आठवत नाही. गोड बोलणाऱ्यांचा आमच्या पेडण्याकडे दुष्काळ नाही. देवळाच्या कमिटीत सात जण आहेत, सातही जणांच्या जिभेवर साखर आहे, आणि त्या साखरेने एका माणसाचं काय केलं ते सांगायला मी आज बसले आहे. सांगताना माझा आवाज चढेल. मराठी शाळेत बाई म्हणून पस्तीस वर्षं काढली आहेत, चढलेल्या आवाजाची मला लाज नाही.

त्याचं नाव शांताराम. आमच्याकडे मिस्त्रीला मेस्त म्हणतात, म्हणून शाणू मेस्त. गाव नदीपलीकडचं आरोंदा, म्हणजे महाराष्ट्रातलं. पण तेरेखोल नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांच्या बोलण्यात फरक शोधायचा तर भिंग घेऊन बसावं लागेल. डिचोलीकडच्या खाणींवर गाड्यांच्या वर्कशॉपात त्याने वीस वर्षं काढली. खाणी बंद पडल्या तसा तो आमच्या गावात आला आणि रस्त्याकडेच्या फणसाखाली पत्र्याची शेड घालून बसला. उंच, सुकलेला, खाकी हाफपँट, आणि मेकॅनिक असून नखं मात्र स्वच्छ. जेवायच्या आधी नारळाच्या सोडणाने, म्हणजे काथ्याने, आणि राखेने तो हात असे घासायचा की बघणाऱ्याची कातडी सोलून निघावी. हाताखाली माणूस टिकत नसे. तीन दिवस शिव्या खाल्ल्या की चौथ्या दिवशी तो पळायचा आणि मेस्त त्याच्या पाठीमागे रस्त्यापर्यंत जाऊन आणखी दोन घालून यायचा.

माझी आणि त्याची पहिली गाठ पडली ती आमच्या जुन्या गाडीवरून. गाडी शेडसमोर उभी करून मी म्हटलं, "मेस्ता, जरा बघा, काहीतरी आवाज येतो."

"कसलो आवाज?"

"असाच. काहीतरी."

त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पाटी कोरी ठेवलेली पोर आहे. "बाई, तुमच्या वर्गात पोरान उत्तर म्हणान 'कायतरी' लिवल्यार तुमी मार्क दितास? जावा. गाडी फिरवन येवा. खंय वाजता, कधी वाजता, कसा वाजता, ता माका सांगा. मगे मी हात लावतंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसरं गॅरेज जवळ असतं तर तिथेच गेले असते. पण नव्हतं, म्हणून धारगळपर्यंत दोनदा जाऊन आले, काच खाली करून, कान बाहेर काढून. येऊन सांगितलं, "डावीकडे वळताना पुढच्या चाकात टक टक वाजतं. सरळ जाताना नाही वाजत."

"हां. आता कसो सवाल झालो." आणि पुढच्या तासाभरात आवाज गेला. काढलेला खराब भाग त्याने रॉकेलने धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. ही त्याची रीत होती. बिघडलेला भाग मालकाच्या हातात गेलाच पाहिजे. कोणी म्हणालं, मला काय करायचाय, तर भडकायचा. "तुमीच बिगडवलास मगे तुमीच बगा. डोळ्यांक दिसल्याबिगर माणसाक कळना नाय."

चुकीचा प्रश्न त्याला सहन व्हायचा नाही, आणि लपवलेली चूक तर त्याहून नाही. मांद्र्याला एक परदेशी गृहस्थ जुन्या व्हॅनमध्येच बिऱ्हाड करून राहायचा. त्याच्या इंजिनाची टायमिंग चेन ढिली झाली होती. तो शेडवर आला तो मोबाइलवर व्हिडिओ घेऊनच. कुठल्याशा देशातल्या माणसाने ती चेन कशी बदलावी ते करून दाखवलं होतं. मेस्ताला त्यातला शब्द कळत नव्हता. त्याने आवाज बंद करून सगळं बघितलं, मग बोटाने मागे घेऊन एक जागा पुन्हा बघितली आणि फोन परत दिला. "हो माणूस फटिंग. हंयसर पुलीवरची खूण वर होती, हंयसर खाली गेली. मधला कापल्यान. चुकलो आणि कापल्यान." त्या परदेश्याला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं तेव्हा तो पोट धरून हसला. मेस्त हसला नाही. लोकांना शिकवायला बसलेला माणूस स्वतःची चूक कापतो याचा त्याला दोन दिवस राग होता.

असल्या माणसाचं देवाशी पटत नसेल असं कुणाला वाटेल. उलट होतं. दर सोमवारी पांढरा शर्ट घालून तो ग्रामदेवाच्या देवळात यायचा, खांबाला टेकून मागे उभा राहायचा, आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं की "होय म्हाराजा" हा त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. त्याच्या तोंडून शिवी न ऐकलेली गावातली जागा एकच, ती देवळाची. हे मी मुद्दाम सांगते आहे.

आता दुसऱ्या एका व्हॅनबद्दल. देवळाच्या कमिटीची एक जुनी व्हॅन होती, कुणा भाविकाने दिलेली. आसपासच्या गावांतल्या चार जणांना ती दर सोमवारी आणि गुरुवारी म्हापशाला डायलिसिसला न्यायची. त्या चौघांत आमचे हे होते. मोरजीची सगुणाबाय होती, जिने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. ती डायलिसिसला "रगत धुवूक" जाते म्हणायची. तिला आता बसवत नसे. तिच्यासाठी गाडीतला एक बाक काढून आडवा पलंग बसवला होता, त्यामुळे टॅक्सी वगैरेचा तिला उपयोग नव्हता. मी ह्यांच्या सोबतीला म्हणून जायचे. हे पुण्याचं काम होतं आणि त्याचं श्रेय कमिटीचे अध्यक्ष भाऊ घ्यायचे. घेऊ देत, काम तर होत होतं.

एका सोमवारी सकाळी व्हॅन शेडवरून जाताना मेस्त रस्त्यावर आडवा आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, बंद कर. परत चालू कर. परत बंद, परत चालू. पहिल्या दोन क्षणांत आतून खळखळ यायची, डब्यात खडे हलवावेत तशी, आणि मग आपोआप थांबायची. आम्ही सगळे ती दर फेरीला ऐकत होतो आणि तिला गाडीचा स्वभाव समजत होतो.

"चेन," मेस्त म्हणाला. "टायमिंगची चेन लांबली."

त्या दुपारी त्याने इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि भाऊंना आणि मला बोलावलं. भाऊंना चेन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मलाही नावापलीकडे नव्हतं. त्याने त्याच्या पद्धतीने, म्हणजे आम्हाला गाढव समजून, समजावलं. इंजिनात खाली एक चक्र, वर एक चक्र. खालचं पिस्टन हलवतं, वरचं व्हॉल्व्ह उघडतं आणि मिटतं. दोघांना एका तालात ठेवते ती चेन. तिने एक दात जरी उडी मारली तर पिस्टन वर येईल आणि व्हॉल्व्ह उघडा असेल, आणि दोघं एकमेकांवर आदळतील. मग त्याने बोटाने चेन दाबली. ती आत गेली, ओलं लुगडं वाळत टाकलेली दोरी खाली झुकावी तशी.

"बेस्तरवारी दुपारी पेशंट घराक पावले की गाडी माज्याकडे लावा," तो म्हणाला. बेस्तरवार म्हणजे गुरुवार. "शुक्रार, शनवार, आयतवार. सोमारी सकाळी सा वाजता मी गाडी दितंय. एक पण पाळी चुकूची नाय."

किती साधी गोष्ट होती! एकही पाळी न चुकवता काम होत होतं. पण त्या शनिवारी देवाची जत्रा होती. मांडवाचं सामान, स्वयंपाकाची भांडी, पाहुणे, सगळं त्याच व्हॅनमधून आणायचं भाऊंनी ठरवलं होतं. भाऊ कपाळाला आठी पाडत नाहीत. ते हसले.

"मेस्ता, तुमचा खरा. पण गाडी देवाची. देवाच्या गाडयेचा देवाकच विचारूया. कौल लावया."

आमच्याकडे गावाचा कुठलाही पेच कौलावर जातो. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव प्रश्न घालतो, उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, मी त्याला नावं ठेवणारी नाही. मेस्तही ठेवणारा नव्हता. तो एवढंच म्हणाला, "लावा. पण सवाल बरोबर घाला. 'जुनी चेन तशीच ठेवन पेशंटांक ह्या गाडयेन न्हेवचा काय', असो घाला." आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो कोल्हापूरला गेला, कारण नवी चेन, तिची दातेरी चक्रं आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या तिकडेच मिळत होत्या. प्रश्न त्याने सांगितला तसाच घालतील हे तो गृहीतच धरून चालला होता. शहाणा म्हणायचा की भोळा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुधवारी सकाळी कौल लावला. आमच्या देवळात प्रश्न आधी वहीत लिहितात, आणि अक्षर चांगलं म्हणून ती वही माझ्याकडे असते. मी मेस्ताचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. भाऊंनी वाचलं आणि पुन्हा हसले. "बाई, देवाक इतक्या लांब कित्याक? सोपा करा. गाडी चलतली काय, बस्स."

मी सोपं केलं.

माझ्या हाताने केलं, माझ्याच पेनाने. 'गाडी चालेल का?' पस्तीस वर्षं मुलांना वाक्यातला एक शब्द गाळला तर अर्थ कसा बदलतो ते शिकवत आले, आणि सगळा अर्थच गाळून टाकला. का? भाऊंची भीती होती म्हणून नव्हे. मला मनातून वाटत होतं की मेस्ताने इंजिन उघडलं आणि सोमवारपर्यंत नाही मिटलं तर ह्यांची पाळी चुकेल. मलाही 'होय' हवं होतं. तिथे जमलेल्या प्रत्येकाला 'होय'च हवं होतं, आणि उजवीकडची पाकळी पडली तेव्हा सगळ्यांनी हात जोडले.

संध्याकाळी मेस्त चेनचं खोकं काखेत घेऊन थेट माझ्याच दारात आला.

"सवाल काय घातलात?"

मी सांगितलं. तो पायरीवरच उभा राहिला.

"गाडी चालेल काय?" तो म्हणाला. "चलतली! चलतली मगे! मी कधी म्हटलंय चलाची नाय? पण खंयपर्यंत? खंयपर्यंत चलतली, ता विचारलात? देवान तुमच्या सवालाचा उत्तर दिला. तुमी सवालच चोरलात!"

मग तो भाऊंच्या घरासमोर गेला आणि तिथे जे बोलला ते मी लिहू शकत नाही. अर्ध्या गावाने ते ऐकलं. ऐकलेलं कसं वापरायचं ते भाऊंना बरोबर ठाऊक होतं, म्हणून ते आत बसून राहिले.

जत्रा झाली. व्हॅन तीन दिवस भांडी आणि पाहुणे वाहत होती. भाऊ मला मांडवात भेटले तेव्हा म्हणाले, "बगलात मगे बाई? चलली." मी मान डोलावली.

सोमवारी सकाळी सात वाजता कोलवाळच्या पुलाआधीच्या चढावर गाडीच्या पोटात धाडकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरने चावी फिरवली, तर नुसतं भिरभिरलं. चौघे पेशंट आत, ऊन वर येत होतं, आणि सगुणाबाय पलंगावर पडून विचारत होती, "पावलंव काय गे?" दीड तासाने एका बर्फाच्या टेम्पोवाल्याला दया आली. सगुणाबायला आम्ही पलंगासकट त्यात चढवलं. ह्यांची पाळी निम्मी झाली. सगुणाबायला उशीर सोसला नाही. तिच्या छातीत पाणी भरलं आणि दोन दिवस तिला नाकाला नळी लावून ठेवली. ती वाचली. पण ती कशी श्वास घेत होती ते मी बघितलंय. तेव्हा मला कुणी 'देवाची इच्छा' म्हणालं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती.

त्याच संध्याकाळी देवळात बैठक. मला वाटलं, आता भाऊंची पाळी आहे. पण गोड जिभेची ताकद मला तेव्हा कळली. भाऊ उठले आणि शांतपणे म्हणाले, "देवान उजवो कौल दिलो होतो. देव खोटो पडना नाय. मगे चूक कोणाची? गाडयेक हात कोणी लावलो? वयला झाकण कोणी काडला?"

सगळ्यांच्या माना एका दिशेने फिरल्या. हिशेब किती सोपा! देव चुकत नाही, कमिटीने देवाला विचारलं म्हणजे कमिटी चुकत नाही, मग उरला कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आदल्या आठवड्यात त्याने भाऊंच्या दारात घातलेल्या शिव्याही कुणीतरी पुराव्याला काढल्या. मी वही मांडीवर घेऊन बसले होते. त्या वहीत खोडलेलं वाक्य होतं, त्याच्याखाली माझं सोपं केलेलं वाक्य होतं. वही उघडून दाखवायला दोन क्षण लागले असते. मी मूग गिळून बसले.

ठरलं असं. मेस्ताने देवासमोर नारळ ठेवून चूक कबूल करायची. कबूल केली तर गाडी त्याच्याच हातात द्यायची. नाही केली तर गाडी म्हापशाच्या गॅरेजात जाणार. म्हापशाच्या गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं होतं की सामान मागवण्यापासून पंधरा दिवस तरी लागतील.

पंधरा दिवस म्हणजे चार पाळ्या. आमच्या ह्यांना मी कसंही नेलं असतं. सगुणाबायला कोण नेणार होतं?

नवी चेन मेस्ताच्या शेडमध्ये खोक्यात पडून होती. हे देवळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊंनाही.

मंगळवारी सकाळी मेस्त आला. पांढरा शर्ट, हातात नारळ. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान गाडयेच्या कामात हयगय केली, ता आज तुज्या पायांकडे कबूल करता, त्येका क्षमा कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. माझ्या तोंडातून ते आपोआप आलं, सवयीने, आणि ते माझ्या कानांनी ऐकलं.

मेस्ताचा आवाज त्या दिवशी सगळ्यांच्या वर नव्हता. भाऊंनी विचारलं, "मगे मेस्ता, कबूल?"

"कबूल."

"मनापासून?"

मेस्ताने नारळ ठेवला आणि उजवा हात पुढे केला. "चावी दिया. बेस्तरवार परवा आसा."

गाडी ओढून शेडवर आणली आणि त्या दोन दिवसांतलं काम मी बघितलं. पेजेचा डबा घेऊन जायचे, तो एका शब्दाने बोलायचा नाही, डबा मात्र घ्यायचा. रेडिएटर बाहेर, पंखा बाहेर, पुली बाहेर, पुढचं झाकण उघडं. जुनी चेन काढली तर तिच्या पट्टीचे तुकडे झाले होते, ते खाली तेलाच्या टाकीत जाऊन पडले होते. त्याने टाकी उतरवून एकेक तुकडा चिमट्याने वेचला आणि फडक्यावर जोडून मांडला, सगळे मिळाले की नाही ते बघायला. वाकलेले व्हॉल्व्ह काढून टाकले. त्याच जातीचं एक निकामी इंजिन त्याच्या परसात होतं, त्यातले व्हॉल्व्ह काढून, दोन तळव्यांत काठी धरून, ताक घुसळावं तसे फिरवून फिरवून जागेवर घासून बसवले. हे काम मशीनवर करतात म्हणे. त्याने हाताने केलं, कारण मशीनला दिलं तर गुरुवार गेला असता.

बुधवारी दुपारी नवी चेन चढवली. वरच्या चक्रावर एक ठिपका, खालच्या चक्रावर एक ठिपका, चेनीत दोन रंगीत कड्या. ठिपक्यासमोर कडी यायलाच हवी. त्याने जुळवलं, बघितलं, आणि सगळं काढून पुन्हा जुळवलं. मला वाटलं, चुकलं काय? तर नाही. पहिल्यांदा जमलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास नसे. मग चावीला हात न लावता त्याने मोठा पाना घेऊन इंजिन हातानेच फिरवलं, दोन पूर्ण फेऱ्या, हळूहळू, कुठे अडतं का ते हाताला कळावं म्हणून. "आदी हातान, मगे चावयेन," हे तो नेहमी म्हणायचा. त्या दिवशी तेही म्हणाला नाही.

गुरुवारी सकाळी सहा वाजता गाडी देवळासमोर उभी होती. चालू केली तर खळखळ नाही, काही नाही. सगुणाबायला इस्पितळातून घरी सोडलं होतं, तिला मोरजीहून घेऊन आम्ही म्हापशाला वेळेत पोचलो. निघायच्या आधी मेस्ताने जुनी चेन वर्तमानपत्रात गुंडाळून भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती न उघडता ड्रायव्हरला दिली आणि म्हणाले, "उडय खंय तरी."

त्यानंतर शेडवर गाड्या येईनात. का येतील? देवासमोर ज्याने स्वतः कबूल केलंय की माझ्या हातून हयगय होते, त्याच्याकडे कोण गाडी नेणार? ज्यांच्या गाड्या त्याने वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या ते बाहेरून जाऊ लागले. एक जण तर मला म्हणाला, "माणूस बरो, पण हात गेलो त्येचो." हात गेला! चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी मेस्ताने पत्रे उतरवले, टेम्पोत घातले आणि आरोंद्याला परत गेला. निरोप घ्यायला कुणाकडे गेला नाही. आणि व्हॅन? ती आजही त्याच चेनीवर चालते आहे, खळखळ न करता.

एकदा म्हापशाहून परत येताना सगुणाबायने पलंगावरून मला विचारलं, "बाई, त्या कौलाक तुमी थंय होतास मगे?" तिने सहज विचारलं होतं. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

वार्षिक सभेत मी उठले. वही घेऊन उठले. खोडलेलं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हटलं, प्रश्न आम्ही बदलला, मी बदलला, मेस्ताची काही चूक नव्हती. भाऊ हसले.

"बाई, असा कसा? मेस्तान देवासमोर नारळ ठेवन कबूल केला. तुमी म्हणतात त्येची चूक नाय. म्हणजे तो देवासमोर खोटा बोललो?"

खरं सांगायला उठले आणि त्या माणसाला आणखी एका खड्ड्यात लोटलं. तो देवळात कधी शिवी देत नसे, आणि आता मी त्याला देवळात खोटं बोलणारा ठरवत होते. बैल गेला आणि झोपा केला, असं आमच्या पुस्तकातच होतं. मुलांकडून पाठ करून घेतलं होतं मी. मी खाली बसले. पुढचा विषय मांडवाच्या रंगाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी आरोंद्याला गेले. घराच्या पडवीतच त्याने गॅरेज मांडलं होतं. एका टेम्पोचं बॉनेट उघडं, आणि तो आत वाकलेला. मी सगळं सांगितलं. वहीचं, सभेचं, भाऊंचा प्रश्न, माझं खाली बसणं. तो पाना फिरवत ऐकत होता. मग मी विचारू नये ते विचारलं, "मेस्ता, तुम्ही तरी देवासमोर खोटं का कबूल केलंत?"

त्याने डोकं वर काढलं. इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि आवाज मात्र अगदी खाली होता.

"देवाक म्हायत आसा मी खोटा बोललंय, आणि कित्याक बोललंय ता पण म्हायत आसा. त्येका कोणी सांगूक नको होता. सांगूचा होता ता माणसांक. आणि ता काम माजा नव्हता, बाई. ता तुमचा होता."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

त्याने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. तो पुन्हा इंजिनात वाकला. मी तशीच उभी राहिले. तो वर न बघता म्हणाला, "बाई, बाजूक रवा. उजेड आडता."

मी बाजूला झाले.